‘इकडे बघ’ न म्हणता: एक ते चार वर्षांच्या मुलांचे फोटो कसे काढावेत

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या घरात बोरन्हाण होतं. उत्सवमूर्ती वीस महिन्यांची. काळा फ्रॉक, गळ्यात हलव्याचा हार, दंडात बाजूबंद, डोक्यावर मुकुट. पाटाभोवती रांगोळी, आणि माझ्या पाठीमागे नऊ माणसं. “बाळा, इकडे बघ!” “हस ना गं सोनू!” शेजारच्या बेन म्हणत होत्या, “अहीं जो बेटा, अहीं!” कुणी खुळखुळा हलवत होतं, कुणी मोबाइलवर गाणं लावलं होतं. ती पोर एकेका आवाजाकडे मान वळवत राहिली. मग खालचा ओठ पुढे आला, भोकाड पसरलं आणि मुकुट जमिनीवर.

आजीने तिला उचललं. “राहू दे गं, बसू दे तिला माझ्यापाशी,” म्हणत आत नेलं, स्वयंपाकघरात खिडकीखाली बसवलं आणि पुढ्यात मेथीची जुडी ठेवली. दोन मिनिटांत हुंदके थांबले. मी दारातच जमिनीवर बसले. ती एक पान तोडायची, टोपलीत टाकायची आणि आजीकडे बघायची. आजी फक्त “हं” म्हणायची. पुन्हा एक पान, पुन्हा “हं”. पाच-सहा पानं झाली आणि तिने एक पान माझ्याकडे धरलं, थेट कॅमेऱ्याच्या भिंगापाशी. डोळ्यांत खिडकी दिसत होती, पापणीवर एक थेंब अजून तसाच होता, आणि बाजूबंदातल्या तुटलेल्या हलव्याची साखर ओठाला चिकटली होती. त्या घरातल्या अल्बमचं पहिलं पान तेच झालं.

बडोद्यात मराठी-गुजराती घरांतून लहान मुलांचे फोटो काढत मला पंधरा वर्षं झाली. मी जे काही शिकले त्यातलं बरंचसं त्या आजीने त्या दिवशी करून दाखवलं होतं: आवाज एकच, हाताला काम, उजेड खिडकीचा, आणि घाई कुणालाच नाही. या वयाची मुलं ऐकत नाहीत अशी आईबाबांची तक्रार असते. पण मुलं ऐकतात. नऊ जणांचं एकदम ऐकू शकत नाहीत, आणि ‘हस’ म्हणजे नेमकं काय करायचं हे त्यांना कळत नाही. ‘हे पान टोपलीत टाक’ हे कळतं.

खाली मी बोरन्हाणाचंच उदाहरण धरून सांगते, कारण संक्रांतीच्या दिवसांत मला सगळ्यात जास्त फोन त्याचेच येतात. वाढदिवस असो, जावळ असो की घरातला साधा रविवार, पद्धत तीच.

वेळ मुलाच्या झोपेवरून ठरवा

फोटो चांगले येणार की नाही, हे कॅमेरा पिशवीतून बाहेर पडण्याआधीच निम्मं ठरलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे १ ते २ वर्षांच्या मुलाला दिवसारात्रीची मिळून ११ ते १४ तास झोप लागते, आणि ३ ते ४ वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. यात दुपारची झोप धरलेली आहे. बहुतेक घरांतून गफलत होते ती इथेच. पाहुणे येणार, दागिने घालायचे, आवराआवर करायची, म्हणून दुपारची झोप बुडते, आणि संध्याकाळी सहा वाजता सगळे म्हणतात, “आज काय झालंय हिला?”

बोरन्हाण आणि हळदीकुंकू बहुधा एकाच संध्याकाळी ठेवतात. जानेवारीत बडोद्यात सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे बायका जमेपर्यंत खिडकीचा उजेड गेलेला, मूल दमलेलं आणि घरात कलकलाट. माझा सल्ला असा, की दोन भाग करा. दुपारची झोप काढून, काहीतरी खाऊन मूल ताजंतवानं झालं की साडेतीन-चारला फोटोंची वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. त्या वेळी घरात फक्त आईबाबा आणि एखादी आजी. समारंभ सहाला होऊ द्या. तेव्हाही फोटो काढाच, पण तेव्हा मुलाकडून काही मागू नका, जे घडेल ते टिपा.

बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. तेव्हा उत्तरायणाचे दोन दिवस, १४ आणि १५ जानेवारी, शक्यतो टाळा. आपल्याकडे त्या दिवशी प्रत्येक गच्चीवर स्पीकर, पिपाण्या आणि पतंग कापला की ‘काइपो छे’चा जल्लोष असतो. दीड वर्षाचं पोर त्यात दचकून दचकून अर्धं होतं, आणि बाबांचं लक्षही पतंगात.

कपडे-दागिन्यांची ओळख आधी करून द्या

नवा काळा फ्रॉक किंवा झबलं आणलं की आधी धुऊन घ्या. कोरं कापड टोचतं, आणि मागचं लेबल तर हमखास. ते कापून टाका. आदल्या तीन-चार दिवसांत दोनदा घालून घरात खेळू द्या.

हलव्याचे दागिने खरोखर काटेरी असतात, काटा चांगला आला की आपण त्याचं कौतुकच करतो. तोच काटा बाळाच्या मानेला टोचतो. हार फ्रॉकच्या वर राहील असा बांधा, उघड्या गळ्यावर नको. मुकुटाला आतून मऊ सुती कापडाची पट्टी शिवून घ्या. बाजूबंद नेहमीपेक्षा सैल ठेवा.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. हलव्याचे दाणे, बोराच्या बिया, शेंगदाणे, गोळ्या, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे दाणे, हे सगळं चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतं. दागिने घातल्यापासून काढेपर्यंत एका मोठ्या माणसाची नजर मुलाच्या तोंडावरच हवी, आणि त्या माणसाकडे दुसरं कोणतंही काम नको, फोटो काढण्याचंसुद्धा. गळ्यातला दोरा पक्क्या गाठीचा नको, ओढला की सुटेल असा हवा. फोटो झाले की दागिने लगेच उतरवा.

खिडकी शोधा, ट्यूबलाइट बंद करा

घरातली सगळ्यात मोठी खिडकी बघा. ऊन थेट आत येत असेल तर पातळ पांढरं धोतर किंवा पडदा लावा. पाट खिडकीपासून तीन-चार फुटांवर ठेवा, असा की उजेड मुलाच्या एका बाजूने येईल. मुलाची पाठ खिडकीला नको. मग खोलीतले सगळे दिवे बंद करा. घरच्यांना हे पटत नाही, अंधार वाटतो त्यांना. पण खिडकीचा उजेड निळसर आणि दिव्याचा पिवळट, दोन्ही मिळून चेहऱ्याचा एक गाल एका रंगाचा आणि दुसरा दुसऱ्या रंगाचा दिसतो.

दिवे बंद करण्याचं आणखी एक कारण आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूब आणि बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण धावतं मूल टिपायला शटर वेगवान ठेवलं की फोटोत काळे-पिवळे आडवे पट्टे उमटतात. दिव्यातच काढायची वेळ आली तर शटरचा वेग १/१०० सेकंद ठेवा आणि मूल क्षणभर थांबेल तेव्हाच बटण दाबा.

खिडकीच्या उजेडात मी साधारण असं ठेवते: शटर १/२५० ते १/५००, अॅपर्चर (भिंगाचं तोंड किती उघडं) एफ २.८ ते एफ ४, आयएसओ (उजेड पकडण्याची कॅमेऱ्याची ताकद) ऑटो, कमाल ३२०० पर्यंत. आयएसओ वाढला की फोटोत बारीक दाणे दिसतात, थोडे आले तर येऊ द्यावेत. दाणेदार फोटो छापता येतो, हललेला येत नाही. फोकस सतत पाठलाग करणारा ठेवा, डोळा ओळखण्याची सोय असेल तर ती चालू करा. शटरचा आवाज बंद. फ्लॅश तर नकोच, पहिल्या चमकेला मूल जे डोळे मिटतं ते पुढचा अर्धा तास कॅमेऱ्याकडे संशयाने बघतं.

काळ्या कपड्यांची एक खोड आहे. कॅमेऱ्याला समोर काळं दिसलं की त्याला वाटतं अंधार आहे. तो फोटो उजळ करून टाकतो, काळा फ्रॉक राखाडी होतो आणि पांढराशुभ्र हलवा नुसता पांढरा ठिपका. काटा दिसतच नाही. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, पाऊण ते एक स्टॉप (कॅमेऱ्यावरची उजेडाची पायरी) खाली घ्या. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट ठेवा आणि शेजारी जो सूर्य दिसतो तो थोडा खाली ओढा. मागची भिंत गडद असेल तर काळे केस आणि काळा फ्रॉक तिच्यात विरघळतात. मागे फिकट भिंत असू द्या, नाहीतर आजीची एखादी मोतिया रंगाची साडी टांगा, आणि मूल भिंतीपासून चार-पाच फूट पुढे ठेवा.

मोबाइलवाल्यांसाठी एवढंच: आधी भिंग पुसा, बाळाच्या घरातल्या मोबाइलवर तुपाचं बोट असतंच. अगदी जवळ जाऊन वाइड भिंगाने काढलं की नाक मोठं आणि कान लहान दिसतात, त्यापेक्षा दोन पावलं मागे येऊन दुप्पट झूमवर काढा. पोर्ट्रेट मोड हलत्या मुलाचे केस आणि कान खातो, तो बंद ठेवा. एकामागून एक फोटो घेणारी बर्स्टची सोय वापरा.

स्थिर बसवू नका

‘हलू नको’ ही सूचना आपल्याकडे कुठून आली, याचा मी खूप विचार केला आहे. एकोणिसाव्या शतकात काचेच्या प्लेटवर फोटो उमटायला काही सेकंद लागत. तेवढा वेळ मूल हललं तर चेहरा पुसला जाई. युरोपात तर आईच अंगावर कापड पांघरून खुर्चीसारखी बसायची आणि कापडाखालून बाळाला घट्ट धरायची, असे फोटो आजही बघायला मिळतात. आपल्या बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या जुन्या स्टुडिओंमधले आजोबा-पणजोबांचे फोटो आठवा: लाकडी स्टूल, मागे रंगवलेला पडदा, आणि ताठ बसलेली, डोळे विस्फारलेली मुलं. प्लेटा गेल्या, फिल्म गेली, पण घराघरांतून ‘हलू नको’ राहिलं.

आजचा कॅमेरा सेकंदाच्या पाचशेव्या भागात चित्र टिपतो. मुलाने हलावं, वळावं, वाकावं, त्याला काही अडत नाही. दोन वर्षांच्या मुलाला स्थिर बसायला सांगणं म्हणजे त्याच्या वयाला न जमणारी गोष्ट मागणं, आणि ती मागायची आता गरजही उरलेली नाही. तुमची मागणी बदलली की मुलाची कुरकुर अर्धी होते, हा माझा पंधरा वर्षांचा अनुभव आहे.

पहिली दहा मिनिटं कॅमेरा नको

आठव्या महिन्यापासून मुलं अनोळखी माणसाला बिचकायला लागतात आणि दोन वर्षांपर्यंत, काही मुलं त्याहून पुढेही, आईच्या पदराआडून बघतात. हे वाढीचं लक्षण आहे. त्यांना ‘लाजतेस काय, जा मावशीकडे’ म्हणून पुढे ढकलू नका.

मी घरात गेले की मुलाशी बोलत नाही, त्याला उचलून घेत नाही. आईशी गप्पा मारते. मग जमिनीवर, थोडी तिरकी बसते, म्हणजे मुलाला माझ्या नजरेला नजर द्यावी लागत नाही. पिशवीतून भिंगाचं झाकण काढते आणि ते जमिनीवर गोल फिरवते. फिरतं, डगमगतं, टक्क करून पडतं. पुन्हा फिरवते. तिसऱ्या-चौथ्या वेळी मूल एक पाऊल पुढे येतं. झाकण त्याच्याकडे सरकवलं की ते उचलतं, उलटंपालटं करतं. मग कॅमेरा बाहेर येतो आणि मी विचारते, “हे झाकण कुठं बसतं?” त्याने ते भिंगावर टेकवलं की आमची ओळख झाली. आता ते यंत्र परकं राहिलं नाही.

आईबाबा स्वतःच फोटो काढणार असाल तर माणसाची ओळख करून द्यायला नको, पण मोठा कॅमेरा आदल्या दिवशी मुलाच्या हातात द्या. बटण त्यालाच दाबू द्या.

आवाज एकाचाच

फोटो सुरू होण्याआधी घरच्यांना प्रेमाने पण स्पष्ट सांगावं लागतं. मी म्हणते, “पुढची वीस मिनिटं बाळाशी फक्त आई बोलेल. बाकी सगळ्यांनी चहा घ्यायचा आहे.” आजोबांना वाईट वाटू नये म्हणून त्यांना एक काम देते, पडदा धरण्याचं, नाहीतर टोपली भरून ठेवण्याचं.

जो बोलणार तो कुठे बसतो यावर मुलाची नजर ठरते. आई माझ्या डाव्या खांद्याला खांदा लावून बसते, तिचं तोंड भिंगापासून वीतभर अंतरावर. मग मूल आईकडे बघतं तेव्हा फोटोत ते आपल्याकडे बघतं. आई चार फूट बाजूला उभी राहिली की प्रत्येक फोटोत नजर तिरकी, आणि मग ‘इकडे बघ’चा जयघोष सुरू. कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर असावा, म्हणजे तुम्हाला पालथं पडावं लागेल. चटई अंथरून ठेवा.

भाषेचंही बघा. आपल्या घरांतून आई मराठीत बोलते, सांभाळणाऱ्या बेन गुजरातीत. मूल दोन्ही समजतं, पण बावरलेलं मूल ज्या भाषेत त्याला झोपवतात त्याच भाषेत शांत होतं. फोटोच्या वेळी तीच भाषा वापरा.

हाताला काम द्या

सगळ्यात जास्त तयारी या भागाची करा.

एक ते दीड वर्षाच्या मुलाला घालणं-काढणं फार आवडतं. स्टीलचा डबा आणि चार मोठे चमचे, टोपली आणि रुमाल, मसाल्याच्या डब्यातल्या धुतलेल्या वाट्या. वस्तू डब्यात पडून आवाज झाला की मूल मान वर करून आईकडे बघतं, ‘ऐकलंस ना?’ असं. तो क्षण दर वेळी येतो. तुम्ही डब्यावर फोकस ठेवू नका, चेहऱ्यावर ठेवा आणि आवाजानंतर अर्ध्या सेकंदाने बटण दाबा. ‘भोऽऽक’ याच वयासाठी. आईने माझ्या पाठीमागून, कॅमेऱ्याच्या वरून डोकवायचं, दोनदा डावीकडून, मग एकदा अचानक उजवीकडून.

दीड ते अडीच वर्षांची मुलं निरोप्या असतात. “हा तिळगूळ आजोबांना देऊन ये.” आजोबा खिडकीशी बसलेले. मूल दोन्ही हातांत लाडू धरून, जिभेचं टोक बाहेर काढून, पावलाकडे बघत चालतं. देऊन वळलं की चेहऱ्यावर जे समाधान असतं त्याला तोड नाही. मी नेहमी परतीचा फोटो घेते, जातानाचा नाही. फुंकर मारणं हेही या वयाचं मोठं काम: साबणाचे फुगे, हातावरचं पीस, थंड झालेलं दूधसुद्धा. फुंकताना गाल फुगतात, डोळे बारीक होतात, आणि फुगा फुटला की हसू आपोआप.

अडीचच्या पुढे डोकं चालवावं लागतं. या वयात ‘नाही’ हा मुलांचा सर्वात लाडका शब्द. म्हणून ज्याचं उत्तर ‘नाही’ येईल असा प्रश्नच विचारू नका. ‘पाटावर बसतेस का?’ याला उत्तर तयार आहे. त्याऐवजी विचारा, “पाटावर तू आधी बसणार की बाहुली?” किंवा “आजीच्या मांडीत बसून की पाटावर?” तुम्हाला दोन्ही चालणार असतील असेच पर्याय द्या. चुकीचं बोलणं हा दुसरा हुकमी उपाय. मी मुकुट हातात घेऊन म्हणते, “ही चप्पल कुणाची? पायात घालते हं.” तीन वर्षांचं पोर तळतळून सांगतं, “चप्पल नाहीये ती! डोक्यात घालायची!” आणि स्वतःच घालून दाखवतं. कानात गुपित सांगणं, बोलका कप, झोपलेले बाबा उठवणं, हे सगळं चालतं. भातुकली मांडली असेल तर मला काही करावंच लागत नाही.

दागिने मी एका ठरावीक क्रमाने चढवायला सांगते. पहिली पाच मिनिटं नुसता फ्रॉक. मग बाजूबंद आणि हार, कारण ते दिसत नाहीत आणि विसरले जातात. मुकुट शेवटी, तोही आधी बाहुलीला, मग आजीला, मग आरशासमोर स्वतःला. मुकुटासह तुम्हाला साधारण तीन-चार मिनिटं मिळतात. आजी-नातीचा, आईबाबांसोबतचा, हवाच असलेला फोटो त्याच वेळी उरकून घ्या.

काही गोष्टी मी कटाक्षाने करत नाही. चॉकलेटचं आमिष नाही. ते दिसलं की मूल फोटो विसरतं, मिळालं की दात आणि फ्रॉक दोन्ही तपकिरी, आणि पुढच्या वेळी त्याशिवाय हलत नाही. भूक असेल तर मध्ये थांबून मुठीत थोडे साधे चुरमुरे द्यावेत. ‘पोलीस येईल’, ‘मावशी घेऊन जाईल’ असं तर माझ्यासमोर कुणी म्हटलं की मी कॅमेरा खाली ठेवते. आणि ‘हस’ म्हणत नाही. ‘हस’ म्हटल्यावर येतो तो दात दाखवलेला चेहरा सगळ्याच मुलांचा सारखा असतो.

प्रत्यक्ष बोरन्हाण

टोपलीत बोरं, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे, रेवड्या, बिस्किटं असतात. सगळं एकदम डोक्यावर ओतलं की बोरं आणि करवे लागतात, आणि मूल रडतं ते भीतीने कमी आणि दुखल्याने जास्त. डोक्यावरून फक्त चुरमुरे सोडा, तेही ओंजळीने, वीतभर उंचीवरून. बाकीचं मांडीभोवती सोडा. फोटोत फरक कळत नाही, उलट चुरमुरे हलके असल्याने हवेत छान दिसतात.

शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान हवं, बर्स्ट चालू. पहिली ओंजळ पडताना मूल डोळे मिटतं, त्यामुळे तो फोटो बहुतेक वाया जातो. बटण सोडू नका. दोन-तीन सेकंदांनी ते डोळे उघडतं, केसातला चुरमुरा हाताने काढतं, त्याच्याकडे निरखून बघतं. मला हवा असतो तो हा फोटो. नंतर लुटायला बाकीची पोरं धावून येतात, तेव्हा आईने पाठीमागे टेकून बसावं, म्हणजे उत्सवमूर्ती चेंगरत नाही.

बागेत काढायचे असतील तर

कमाटी बाग, म्हणजे सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये वसवलेली सयाजीबाग, माझी आवडती जागा आहे. जुन्या झाडांखाली मोकळ्या आभाळाचा मऊ उजेड मिळतो, आणि मुलाला पळायला जागा. रविवारची संध्याकाळ टाळा. आठवड्यातल्या एखाद्या सकाळी, जानेवारीत आठ-साडेआठला जा. झाडाच्या पानांतून ऊन गळतं तिथे थांबू नका, चेहऱ्यावर ठिपके पडतात. सावलीच्या कडेला थांबा, तोंड उजेडाकडे.

इथे मी ८५ मिलिमीटरचं, लांबचं जवळ दाखवणारं भिंग लावते आणि दूर बसते. बाबा मुलाला सोडतात, आई माझ्या शेजारून हाक मारते, मूल धावत येतं. तीन वेळा हा खेळ झाला की पुरे. चौथ्यांदा ते दुसरीकडे धावतं.

उत्तरायणानंतर काही आठवडे झाडांवर आणि गवतात तुटलेला मांजा असतो. काच लावलेला दोरा पळत्या मुलाच्या गळ्याला किंवा पायाला कापतो. मूल खाली सोडण्याआधी ती जागा स्वतः चालून, डोळ्यांच्या पातळीवर वाकून बघून घ्या. आणि विश्वामित्रीच्या काठाकडे फोटोसाठी उतरू नका. नदीत मगरी आहेत हे बडोदेकरांना सांगायला नको, पण फोटोच्या नादात माणूस काठावर जातो.

बिनसलं तर

मूल दोनदा ठाम ‘नाही’ म्हणालं की मी थांबते. आधी बघायचं: भूक, लंगोट, झोप, टोचणारं काही. दागिने उतरवा, दुसऱ्या शांत खोलीत आईकडे दहा मिनिटं द्या. त्या वेळात खोलीत कुणी डोकावायचं नाही. बऱ्याचदा ते स्वतःच बाहेर येतं. नाही आलं तर दुसरा दिवस. रथसप्तमीपर्यंत वेळ असतो, आणि वेळ नसला तरी रडवून काढलेल्या फोटोत ते रडणं राहतं, कितीही वर्षांनी बघितला तरी. मी नव्या आईबाबांना सुरुवातीलाच सांगते की नाही जमलं तर मी परत येईन आणि त्याचे वेगळे पैसे घेणार नाही. हे ऐकलं की त्यांचे खांदे सैल होतात. मुलाला ते आपल्याआधी कळतं.

काढलेल्या दोनशेतले पंधरा-वीसच ठेवा. आंघोळीचे, उघड्या अंगाचे, रडतानाचे फोटो स्टेटसवर टाकू नका. मूल मोठं झाल्यावर त्याला ते आवडतील का, एवढा विचार करून मगच टाका. आणि ठेवलेल्यातले निदान पाच कागदावर छापून घ्या, एक प्रत आजीची. मेथीवाल्या त्या फोटोची प्रत आजीने देवघराच्या शेजारच्या भिंतीवर लावली आहे. ती मुलगी आता शाळेत जाते. मागच्या संक्रांतीला धाकट्या भावाच्या बोरन्हाणाला मी गेले तेव्हा तिने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि खिडकीखाली बोट दाखवलं. “त्याला इथे बसव,” म्हणाली, “मी मेथी आणते.”